पार्क फेसिंग : शिवाजी पार्कच्या भावाचं एक प्रकरण

माझ्या मावशीच्या घराच्या दोन खिडक्या पार्काकडे उघडतात, आणि त्या दोन्हींच्या चौकटीवर कायम एकेक ओला फडका पसरलेला असतो. सकाळी धुऊन पिळून ठेवलेला असतो तेव्हा पांढरट, संध्याकाळी विटकरी. कोणी नवीन माणूस घरी आलं आणि म्हणालं की काय मस्त व्ह्यू आहे हो तुम्हाला, की ती काही बोलत नाही, फक्त फडका उचलून दाखवते आणि म्हणते, "हे आमचं पार्क फेसिंग."

हे लिहायचं कारण म्हणजे गेली दोनेक वर्षं त्यांच्या बिल्डिंगच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगांना मी तिच्याबरोबर जातोय, तिला कागद वाचून दाखवायला, आणि तिथे बसून बसून माझ्या लक्षात आलं की बागेमुळे घराचा भाव वाढतो हे वाक्य आपण जेवढ्या सहज बोलतो तेवढं ते सरळ नाहीये. भाव वाढतो हे खरं. पण तो कशाचा वाढतो, कोणाच्या खिशात जातो आणि तो टिकवायला कोण रांगेत उभं राहतं, या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगवेगळी माणसं आहेत. शिवाजी पार्क हे त्यासाठी फार चांगलं प्रकरण आहे कारण इथे शंभर वर्षांचा हिशोब एकाच मैदानाभोवती बघायला मिळतो.

आधी जागा. मुंबई महापालिकेने हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ मधे नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने शिवाजी पार्क असं नाव झालं. क्षेत्रफळ जवळपास २८ एकर. भोवती तो प्रसिद्ध कट्टा, पूर्ण फेरी मारली तर सव्वा किलोमीटरला थोडी कमी. आत जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर, बंगाल क्लब, स्काउटवाल्यांचा हॉल, गणपतीचं देऊळ, नाना-नानी पार्क, मुलांची खेळायची जागा, १९६६ चा महाराजांचा पुतळा, आणि मधे जे उरतं ते मैदान. मुंबईत मोकळी जागा माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर पडते, विकास आराखड्यातलाच हिशोब आहे हा, म्हणजे एक माणूस आडवा झोपला तर पाय शेजाऱ्याच्या हिश्श्यात. अशा शहरात सलग २८ एकर रिकामे राहणं हीच मुळात चमत्काराची गोष्ट आहे.

भोवतालच्या बिल्डिंगी बहुतेक तीस-चाळीसच्या दशकातल्या, तळमजला अधिक दोन किंवा तीन मजले, गोलाकार बाल्कन्या, मोझॅकच्या फरश्या, लिफ्ट नाही. त्यातली घरं भाड्याने दिली गेली आणि १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती भाडी गोठली. त्यामुळे कितीतरी वर्षं इथे एक गंमत होती की पार्कासमोर राहणारा माणूस कागदावर श्रीमंत नव्हताच, भाडेकरू होता, मास्तर, कारकून, बँकवाला, प्रूफरीडर. मावशीचे सासरे प्रेसमधे होते. पागडी, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे, देऊन घेतलेली भाड्याची जागा, भाडं एवढं कमी की आजही मी आकडा सांगितला तर लोक हसतात. म्हणजे पार्काची किंमत होती पण ती कोणाला मोजून मिळत नव्हती, ती वापरून संपवायची होती. संध्याकाळी कट्ट्यावर बसून.

ती मोजून मिळायला लागली रिडेव्हलपमेंट आल्यावर.

भाव नक्की कशाचा?

अर्थशास्त्रवाल्यांकडे यासाठी एक पद्धत आहे, हेडॉनिक प्रायसिंग म्हणतात तिला. घराची किंमत म्हणजे अनेक गोष्टींची बेरीज धरायची, चौरस फूट, मजला, स्टेशन, शाळा, बाग, आणि खूप व्यवहार तपासून प्रत्येकाचा वाटा वेगळा काढायचा. कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या वेळी त्याचा आराखडा करणाऱ्या ऑल्मस्टेडने भोवतालच्या तीन वॉर्डांमधून कर किती वाढीव येतोय हे दाखवूनच पार्काचा खर्च परवडतो असं मांडलं होतं, आणि त्याला आता दीडशे वर्षं झाली.

शिवाजी पार्कला हे गणित करायला गेलं की पंचाईत होते. पश्चिमेला पाच मिनिटांवर समुद्र, पूर्वेला दादर स्टेशन, बालमोहन सारखी शाळा हाकेच्या अंतरावर, रानडे रोडचा बाजार, आणि २०२५ च्या मे पासून दादरला भुयारी मेट्रोचं स्टेशन पण सुरू झालं. वरून मराठी वस्ती हा एक न बोलला जाणारा पण ब्रोकर लोक बरोब्बर विकतात तो आयटम. यातून पार्काचा हिस्सा कसा काढणार?

एकच जागा अशी आहे जिथे तो आपोआप वेगळा निघतो, ती म्हणजे एकाच बिल्डिंगची पुढची बाजू आणि मागची बाजू. स्टेशन तेच, शाळा तीच, समुद्र तेवढाच लांब, जिनाही एकच. फरक फक्त खिडकीत काय दिसतं एवढा. आणि मावशीच्या बिल्डिंगमधे, जिथे साठ-सत्तर वर्षं कोणी कधी पुढचे-मागचे असा भेद केला नव्हता, गणपतीची वर्गणीसुद्धा सगळ्यांची सारखी, तिथे पहिल्याच मीटिंगला भाडेकरूंचे दोन पक्ष पडले. पुढचे म्हणाले, आम्हाला नव्या टॉवरमधे पार्काकडचंच घर पाहिजे, आमचा हक्क आहे. मागचे म्हणाले, पागडी सगळ्यांनी भरली, भाडेकरू सगळे सारखे, चिठ्ठ्या टाका. बिल्डरच्या माणसाचा तिसराच हिशोब होता. पार्काकडचे वरचे मजले त्याला विक्रीसाठी हवे होते, आणि जुन्या लोकांना, पुढचे असोत की मागचे, खालच्या मजल्यांवर किंवा मागच्या बाजूला बसवायचं होतं. तो हे फार गोड बोलून सांगत होता. "काकू, तुम्हाला ह्या वयात वरचा मजला कशाला, लिफ्ट बंद पडली तर?"

मला विचाराल तर पार्काची किंमत त्या क्षणी सगळ्यात स्वच्छ दिसली. बिल्डर ज्या घरासाठी भांडायला तयार होता त्या घरात आणि ज्या घरासाठी नव्हता त्या घरात फरक फक्त झाडांच्या शेंड्यांच्या वर दिसणाऱ्या रिकामेपणाचा होता. दुसऱ्या मजल्यावरून पार्क नीट दिसतच नाही खरं तर, रेन ट्रीच्या फांद्या दिसतात. पार्क दिसतं सातव्या-आठव्याच्या वर. म्हणजे पार्कासमोर पन्नास वर्षं राहिलेल्या माणसांनी पार्क फेसिंग कधी बघितलेलंच नाही, ते नव्याने तयार होणारं प्रॉडक्ट आहे!

त्याने दिलेल्या ब्रोशरमधे पार्काचा फोटो होता. हिरवंगार, गोल्फ कोर्ससारखं, मधून दोन माणसं जॉगिंग करतायत. ना क्रिकेटच्या सरावाची नेट, ना मांडव, ना कबुतरं, ना ती लाल माती. मावशीने चष्मा वर करून बघितला आणि विचारलं, "हे कुठलं?"

आवाजाची लढाई

आता हा रिकामेपणा कसा टिकला त्याच्याकडे येतो, कारण तो आपोआप टिकलेला नाही.

शिवाजी पार्क हे नुसतं बाग-मैदान कधीच नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ ला इथे झाला, १ मे ची परेड इथे, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांसाठी मंडप, पाणी, जेवण याची सोय पालिका इथेच करते. या मैदानाला राज्याच्या इतिहासात जी जागा आहे ती भोवतालच्या रहिवाशांनी दिलेली नाही, बाहेरून आलेल्या गर्दीने दिलेली आहे. हे आधी मान्य करायला पाहिजे.

पण मग दुसरी बाजू पण आहे. बारा महिने काही ना काही चालू, कधी सभा, कधी प्रदर्शन, कधी कोणाचा तरी सोहळा, रात्री उशिरापर्यंत लाऊडस्पीकर, दहावीची परीक्षा असो की घरात म्हातारं माणूस आजारी असो. मावशी सांगते की सभेच्या दिवशी काचा थरथरायच्या आणि टीव्हीचा आवाज वाढवून उपयोग नसायचा कारण तेच भाषण टीव्हीवर पण चालू असायचं. २००९ मधे वीकॉम ट्रस्ट या स्थानिक रहिवाशांच्या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुद्दा साधा होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांप्रमाणे शाळा, हॉस्पिटल, कोर्ट यांच्या भोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र धरता येतो, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा, आणि पार्काच्या भोवती शाळा आहेत. मे २०१० मधे कोर्टाने हा भाग शांतता क्षेत्र ठरवला. २६ जानेवारी, १ मे आणि ६ डिसेंबर यांना सूट राहिली.

यावर राजकीय पक्ष भडकले ते भडकले, पण इथल्या इथे पण सगळे खूष होते असं नाही. आमच्या मावशीच्याच मजल्यावरचे एक काका होते, त्यांनी सहीच केली नाही. म्हणाले, मी अत्रेंना इथेच उभं राहून ऐकलंय, मी कसा म्हणू आवाज नको. पुढे २०१६ मधे राज्य सरकारने वर्षातले ४५ दिवस मैदान खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांना द्यायची तरतूद केली, त्यात कुठले दिवस कशाला हे ठरलेलं. मग २०२२ ला दसरा मेळावा कोणत्या शिवसेनेचा यावरून दोन्ही गटांनी अर्ज केले, पालिकेने दोघांनाही नाही म्हटलं आणि शेवटी उच्च न्यायालयाने ठाकरे गटाला परवानगी दिली. महिनाभर बातम्या त्याच्याच. त्या सगळ्यात मैदानाच्या मातीचं काय होतं हे कोणी विचारल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही.

इथे एक कडू गोष्ट लिहितो, कारण न लिहिता हे प्रकरण अर्धं राहील. रहिवाशांच्या तक्रारी ऐकताना सगळ्या गर्दीला एकच माप लावलं जात नाही. सभेच्या गर्दीला लोक गोंगाट म्हणतात, दिवाळी पहाटेच्या गर्दीला संस्कृती म्हणतात, आणि ६ डिसेंबरच्या गर्दीबद्दल बोलताना काही लोकांचा आवाज एकदम खाली येतो आणि "स्वच्छता" हा शब्द येतो. का येतो ते सगळ्यांना माहितीये. लोकसहभाग म्हटलं की आपल्याला फार छान वाटतं, पण सहभागी होणाऱ्यांबरोबर त्यांची जातही मीटिंगला येऊन बसते. कोर्टाने ६ डिसेंबरला सूट ठेवली हे त्या दृष्टीने बरंच झालं, तो निर्णय बिल्डिंगींच्या मतावर सोडला असता तर काय झालं असतं याची मला खात्री नाही.

२०१२ : तेच लोक, उलटी बाजू

शांतता क्षेत्राच्या विजयाला दोन वर्षं झाली आणि हेरिटेजची यादी आली. मुंबईच्या वारसा समितीच्या नव्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्क परिसर धरला होता, म्हणजे नुसतं मैदान नाही, भोवतालच्या बिल्डिंगी पण. एखाद्याला वाटेल की जे लोक मैदान वाचवायला कोर्टात गेले ते तर नाचले असतील. उलट झालं. हेरिटेज नको म्हणून रहिवाशांनी जोरदार विरोध केला, आणि राजकीय पक्ष, जे दोन वर्षांपूर्वी आवाजाच्या मुद्द्यावर समोरच्या बाकावर होते, ते त्यांच्या बाजूने उभे राहिले.

यात ढोंग आहे असं म्हणणं सोपं आहे, मी पण तेव्हा म्हटलं होतं, आणि मावशीने मला झाडलं होतं. तिचं म्हणणं असं. बाथरूमच्या स्लॅबमधून पाणी गळतं, सळ्या बाहेर आल्यात, मालक दुरुस्ती करत नाही कारण भाड्यातून त्याचा रंगाचा खर्च पण निघत नाही, सासूबाईंना शेवटी खुर्चीत बसवून तीन जिने चार माणसांनी उचलून नेलं. अशा बिल्डिंगला वारसा म्हणून गोंजारायचं ते कोणाच्या पैशाने? "बाहेरून बघायला छानच आहे रे. तू आत राहा."

आणि हिशोब बघितला तर तिचंच बरोबर निघतं. ही बेट-मुंबईतली जुनी, दुरुस्तीसाठीचा सेस म्हणजे उपकर भरणारी बिल्डिंग, विकास नियमावलीच्या ३३(७) या कलमाखाली रिडेव्हलपमेंट, एफएसआय ३ म्हणजे प्लॉटच्या तिप्पट बांधकाम, निम्म्याच्या वर भाडेकरूंची संमती. भाडेकरूला एक पैसा न घालता मालकीचं नवीन घर मिळतं कारण वरचे मजले विकून बिल्डर सगळा खर्च काढतो. वरचे मजले विकले जातात ते पार्कामुळे. म्हणजे खालची जमीन रिकामी राहिली तरच वरच्या हवेला भाव. पार्क रिकामं ठेवा आणि बिल्डिंग उंच करू द्या, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीतच, एकाच मागणीची दोन टोकं आहेत. मैदानात दाटी नको, मैदानाच्या कडेला चालेल.

अडचण एवढीच की हे प्रत्येक बिल्डिंगने केलं की तीन मजल्यांच्या जागी वीस-बावीस मजले येतात, गाड्या येतात, पार्किंगचे पोडियम येतात आणि कट्ट्यावरून जे आकाश दिसायचं ते कमी होतं. ज्याने भाव आला तेच थोडं थोडं खर्च होत जातं, आणि कुठलीच एक बिल्डिंग त्याला जबाबदार नसते.

माती

आता फडक्याकडे परत.

पार्कात एकेकाळी गवत होतं का? पावसाळ्यात अजून पण उगवतं. पण ऑक्टोबर संपला की मधला भाग उघडा पडतो आणि तिथे सैल लाल माती. सकाळी सहापासून नेट, पिचला पिच लागून, पन्नास-पन्नास मुलं धावतायत, चालणारे, पळणारे, फुटबॉलवाले, कुत्री फिरवणारे. मधेच कार्यक्रम आला की ट्रक आत येतात, मांडवाचे खांब रोवले जातात, उपटले जातात. माती कधी बसतच नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो तो पूर्वेच्या घरांत धूळ नेतो, रात्री वारा फिरतो तेव्हा पश्चिमेच्या. थंडीत हवा जड असते, धूळ वर जाऊन विरत नाही, खिडकीच्या उंचीवरच तरंगत राहते. दम्याच्या पेशंटना विचारा डिसेंबर-जानेवारी कसा जातो.

पालिकेने काही केलं नाही असं म्हणता येणार नाही. २०२१-२२ च्या सुमारास पर्जन्यजल साठवणीचा प्रकल्प झाला, मैदानात विहिरी घेतल्या, ते पाणी स्प्रिंकलरने मारायचं म्हणजे धूळ बसेल आणि गवत येईल अशी योजना. गवत टिकलं नाही. रहिवाशांनी तक्रारी चालू ठेवल्या, पत्रं, फोटो, हवेचे आकडे, आणि जानेवारी २०२५ मधे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पालिकेला धुळीचा बंदोबस्त करा असं बजावलं. आयआयटी मुंबईचा सल्ला घेतला गेला. वाद साधारण असा, की रहिवाशांचं म्हणणं वरचा सैल मातीचा थर उचलूनच न्या, आणि दुसरीकडे मत असं की माती उचलून काय होणार, गवत लावा, पाणी मारा.

मला दोन्ही बाजू ऐकून जे कळलं ते असं की गवत लावणं हा बागकामाचा प्रश्नच नाहीये. गवत धरायला जमीन दोन-तीन महिने पायाखाली येता कामा नये. मग बंद कोण करणार आणि कोणासाठी? क्रिकेटवाल्यांना विचारलं तर म्हणतात सीझन जाईल. त्यांचं चूक नाही, आचरेकर सरांच्या हाताखाली तेंडुलकर घडला तो याच उघड्या मातीत, आणि सरांचं स्मारक डिसेंबर २०२४ मधे पाच नंबर गेटला झालं तेव्हा तिथे जमलेल्यांपैकी कितीजण दादरचे होते? कार्यक्रमवाल्यांना विचारलं तर ते ४५ दिवस सोडायला तयार नाहीत. चालणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात आम्ही काय फक्त कडेनेच चालतो. तुकड्या-तुकड्याने बंद करायचं म्हटलं तर कुठला तुकडा आधी यावरून भांडण, कारण प्रत्येक तुकड्यावर कोणाचं तरी नेट वर्षानुवर्षं लागतंय.

इथे मी माझं पण सांगून टाकतो, म्हणजे मी कुठल्या बाजूचा आहे ते वाचणाऱ्याला कळेल. मी डोंबिवलीचा. शाळेत असताना मे महिन्यात मावशीकडे राहायला यायचं ते फक्त क्रिकेटसाठी, आणि नंतर कॉलेजात पहाटेच्या लोकलने किटबॅग लगेजच्या डब्यात टाकून यायचो. ती धूळ मी उडवलेली आहे. त्या चार-पाच वर्षांत मी या मैदानातून जे मिळवलं त्याचा एक रुपया या वॉर्डात कुठल्याही रूपाने भरलेला नाही, इथे माझं मत नाही, माझं घर नाही. मग मी स्थानिक का? मावशीच्या वरच्या मजल्यावर ज्याने घर गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलंय आणि जो पार्कात एकदाही उतरलेला नाही, तो स्थानिक का? रहिवासी संघटना, पालिकेने १९९७ पासून चालवलेली एएलएमची, म्हणजे गल्लीगल्लीच्या रहिवासी गटांची पद्धत, हे सगळं पत्त्यावर चालतं. मैदान पत्त्यावर चालत नाही.

पैसा कुठून कुठे

एक गोष्ट मला कागद वाचता वाचता कळली. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर आहे, म्हणजे रेडी रेकनरचा, सरकारने ठरवलेला जागेचा, दर वर गेला की कराचा पाया पण वर जातो. घर विकलं की त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क, ते राज्याकडे. नवीन टॉवर उभा राहिला की पालिकेला प्रीमियम, डेव्हलपमेंट चार्जेस. म्हणजे पार्कामुळे वाढलेल्या भावातून सरकारी तिजोरीत भरपूर जातं. पण ते सगळं मोठ्या डबक्यात जातं, पार्काच्या नावाने त्यातलं काहीही वेगळं निघत नाही. पार्काला पाणी मारायचं की नाही हे वॉर्ड ऑफिसच्या बजेटवर, कंत्राटावर, आणि कोण पाठपुरावा करतंय यावर.

बिल्डरला तर काहीच द्यावं लागत नाही. सगळ्यात जास्त किंमत तो घेतो आणि त्याचं पार्काशी नातं ब्रोशरच्या फोटोपुरतं. काही लोक म्हणतात मग मैदानंच दत्तक द्या, सोसायट्यांना, कंपन्यांना. मुंबईने हे पण करून बघितलंय. मोकळ्या जागा सांभाळायला म्हणून दिल्या आणि काही ठिकाणी तिथे मेंबरशिपवाले क्लब उभे राहिले, शेवटी जानेवारी २०१६ मधे नव्या धोरणाला मुख्यमंत्र्यांनी स्थगिती दिली. ज्याला पार्काचा भाव मिळतो त्याच्या हातात पार्क दिलं की तो पहिलं गेटला कुलूप लावतो, आणि कुलूप लावलं की भाव अजून वाढतो. शिवाजी पार्कला कट्टा आहे, भिंत नाही. कोणीही कुठूनही पाय टाकून आत जातो, आणि मला वाटतं त्यामुळेच ते कोणा एकाचं होऊ शकलं नाही.

शेवटची मीटिंग

मागच्या पावसाळ्यानंतरच्या मीटिंगला घरांचा प्रश्न मिटला. बऱ्याच भांडणानंतर चिठ्ठ्याच ठरल्या, पण पुढच्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या आणि मागच्यांच्या वेगळ्या, आणि पुढच्यांना सहाव्या मजल्यापर्यंत पार्काची बाजू. सहाव्यापर्यंत, म्हणजे झाडांच्या शेंड्यापर्यंतच. त्याच्या वर विक्रीचे. सगळ्यांना कळलं काय झालंय ते, पण थकले होते लोक. खाऊच्या स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, कोणाच्या तरी नातीने काढल्या. मावशीला पाचवा आला.

सगळं झाल्यावर तिने हात वर केला आणि बिल्डरच्या माणसाला विचारलं की तुमच्या करारात पार्काबद्दल काय लिहिलंय. तो बिचारा गोंधळला. "काकू, पार्क तर आहेच ना. ते कुठे जातंय?"

मग तिने सांगितलं की धुळीसाठी पाणी मारायचं वेळापत्रक मागायचं पत्र तयार आहे, सकाळचं नेट सुटल्यावर आणि दुपारचा वारा सुटायच्या आधी अशा वेळा घातल्यात, सह्या हव्यात, पाच मिनिटं थांबा. खुर्च्या सरकल्या. बिल्डरचा माणूस फोन कानाला लावून जिना उतरला. चोवीस भाडेकरूंपैकी सही करायला थांबले नऊ, त्यातले सहा मागच्या बाजूचे, ज्यांच्या घरात ना पार्क दिसतं ना धूळ तेवढी येते. एकाने विचारलं, याने सही केली तर चालेल का, माझ्याकडे बोट दाखवून. मावशी म्हणाली, तो डोंबिवलीचा आहे, पत्ता काय लिहिणार.

मी पत्त्याच्या रकान्यात तिचाच पत्ता लिहिला.